काळोखाला दिलेलं नाव

होडीत पाय ठेवताना आवाज करू नका. वल्ह्यांना चिंध्या गुंडाळल्या आहेत. नाखव्यानं सकाळपासून पोटात काही घेतलेलं नाही आणि तो तुमच्याशी बोलणारही नाही. तुमच्या पुढ्यात एक मोठी टोपली आहे, वर धुवट धोतर पांघरलेलं, धोतरावर बेलाची पानं. दोन माणसांनी ती उचलून आणली तेव्हा त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या तुम्ही पाहिल्यात. दगड जड असतो. होडी त्या अंगाला कलली, नाखव्यानं तुम्हाला बोटानंच पलीकडे सरकायला सांगितलं, आणि जुवारीच्या भरतीवर होडी सुटली.

साल १५६७. मागे पाहू नका असं म्हातारे भटजी म्हणाले होते, तरी तुम्ही पाहताच. गोव्यातल्या साष्टीच्या किनाऱ्यावर, माडांच्या झावळ्यांखाली, लालसर उजेड पसरला आहे. मधेच ठिणग्यांचा लोट उठतो आणि सगळा किनारा क्षणभर ओळखीचा दिसतो: खाजनाचा बांध, मानशीची फळी, जिथे तुम्ही लहानपणी खेकडे धरलेत ते खडक. तो उजेड तुमच्या देवळाचा आहे. राचोलच्या पोर्तुगीज किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगीश याच्या माणसांनी तालुक्यातली देवळं पाडायचं काम हाती घेतलं आहे, आणि पुढे कागदावर त्यांची संख्या २८०च्या घरात लिहिली जाईल.

समोरचा काठ मात्र काळाकुट्ट आहे. तिकडे अंत्रूज, म्हणजे आजचा फोंडा, आदिलशहाचा मुलूख. एक दिवा नाही, एक माणूस नाही, नुसता डोंगराचा आकार. आज रात्री तुम्हाला तो काळोखच हवा आहे. टोपलीतल्या देवाला तोच वाचवणार आहे.

या घटना ज्यांच्या वृत्तांतांत उतरल्या, त्यांनी लिहिलं की अंधारात बुडालेल्या मुलखात प्रकाश आला. ते खोटं लिहीत होते असं मला वाटत नाही. त्यांना तसंच दिसत होतं. तुम्ही होडीत बसलेले असल्यामुळे तुम्हाला उलटं दिसतं आहे, एवढाच फरक. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला. आपण महाराष्ट्रातून गाड्या भरून फोंड्याला जातो, ओटी भरतो, दीपमाळेखाली फोटो काढतो. हे देव इथले नव्हेत, रात्रीचे नदी ओलांडून आलेले आहेत, हे पुजारी सांगतात तेव्हा आपलं अर्धं लक्ष चपलांकडे असतं.

बारा वर्षं पुढे या. २४ ऑक्टोबर १५७९. गोव्याच्या बंदराला लिस्बनहून आलेली जहाजं लागली आहेत. ४ एप्रिलला निघालेली ती माणसं, साडेसहा महिने पाण्यात. उतरणाऱ्यांच्या हिरड्या सुजल्या आहेत, पाय जमिनीवर ठरत नाहीत. त्यांच्यात तिशीचा एक इंग्रज आहे, जेझुइट संघात दाखल झालेला. नाव थॉमस स्टीफन्स. हिंदुस्थानात येऊन कायमचा राहिलेला, आपल्याला माहीत असलेला हा पहिला इंग्रज. ईस्ट इंडिया कंपनी जन्मायला अजून एकवीस वर्षं आहेत.

त्याच्या शेजारून चाला. त्याच्या मायदेशात एलिझाबेथ राणीचं राज्य आहे आणि त्याच्या कॅथलिक पंथाची उपासना तिथे गुन्हा आहे. त्याच्याबरोबर रोमला निघायचं ठरवलेला मित्र थॉमस पाउंड पकडला गेला. त्याची पुढची तीसेक वर्षं वेगवेगळ्या तुरुंगांत जातील. आणखी दोन वर्षांनी, १५८१मध्ये, एडमंड कँपियन या जेझुइटाला लंडनमध्ये हाल करून मारलं जाईल. ज्याच्या घराची झडती होते, ज्याला देव लपवून ठेवावा लागतो, तो माणूस कसा श्वास घेतो हे या तरुणाला कुणी शिकवायला नको. टोपलीवर धोतर पांघरणाऱ्यांचा तो खरं तर भाऊच. पण तो उतरला आहे पलीकडच्या फौजेत.

फौज हा शब्द मी माझ्या मनचा घातलेला नाही. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला आधी शिपाई होता; १५२१मध्ये पांप्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय फुटला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचं आयुष्य फिरलं. त्यानं आपल्या माणसांसाठी जी ध्यानसाधना लिहिली, तिच्यात दोन निशाणांचं एक ध्यान आहे. संध्याकाळी जेझुइट कॉलेजच्या खोलीत स्टीफन्स गुडघे टेकेल तेव्हा तुम्हीही डोळे मिटा. बाबिलोनच्या मैदानावर धुराच्या आणि आगीच्या उंच आसनावर ल्युसिफर बसला आहे. तो आपल्या दूतांना गावोगाव पाठवतो आहे: माणसांना आधी धनाची चटक लावा, मग मानाची, मग गर्व आपोआप येईल. दुसऱ्या मैदानावर, यरुशलेमजवळ, सखल जागी ख्रिस्त उभा आहे. तोही आपली माणसं पाठवतो आहे, पण त्यांच्या हातात देतो गरिबी, अपमान सोसण्याची तयारी आणि नम्रता. तुम्ही कुठल्या निशाणाखाली जाणार?

मी हे ध्यान पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. अंधाराशी लढाई म्हणजे काय, याचं इतकं कडक उत्तर फार थोड्या ठिकाणी सापडतं. यात शत्रू शेजारच्या गावचा देव नाही. धन, मान आणि गर्व आहे. आणि मग मला राचोलचा कप्तान आठवतो. त्याच्या निशाणावरही क्रूसच होता. गावकऱ्याला दुरून येणारं निशाण दोन मैदानांपैकी कुठल्या मैदानावरचं आहे हे कसं कळावं?

कुंकळ्ळीच्या लोकांना ते कळलं नाही. किंवा फार स्पष्ट कळलं.

१५८३चा जुलै. साष्टीच्या दक्षिणेला कुंकळ्ळी. पावसानं वाटा वाहून गेल्या आहेत, गुडघ्याएवढ्या चिखलातून तुम्ही चालत आहात. गावानं पोर्तुगिजांना कर नाकारला आहे. शिक्षा म्हणून याआधी सैन्य येऊन देवळं जाळून गेलं. त्या मोहिमांत पाद्रीही होते. सांतेरी देवीचं वारूळ खणून टाकलं गेलं. वारूळ म्हणजे तुम्हाला मुंग्यांचं घर वाटत असेल, तर जरा थांबा. कोकणात भूमी ज्या रूपानं वर येते आणि बोलते ते हे रूप. आपल्या आईच्या अंगावर कुदळ चालली, असं वाटणाऱ्या माणसांत तुम्ही उभे आहात.

आणि आता पाच जेझुइट पुन्हा आले आहेत, इगर्जीची, म्हणजे चर्चची, जागा ठरवायला, क्रूस उभारायला. त्यांचा मुख्य रुडॉल्फ आक्वाव्हिवा, वय बत्तीस-तेहतीस. काही महिन्यांपूर्वीपर्यंत तो फत्तेपूर सिक्रीत अकबराच्या समोर बसून धर्मचर्चा करत होता. अकबरानं त्याला मान दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि आपल्या जागी राहिला. आक्वाव्हिवाला वाटलं, तिथे आपल्या हातून काही झालं नाही. इथे काहीतरी होईल.

झाडाआडून माणसं जमतात. भाले, तलवारी, काठ्या. पाद्रींबरोबर आलेला एक पोर्तुगीज, गोन्सालो रोद्रिगीश, बंदूक रोखतो. पाचांतले एक, पाद्री पाशेकु, त्याचा हात खाली करतात. आपण इथे लढायला आलेलो नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलतात. जेझुइटांच्या वृत्तांतात हे नोंदलेलं आहे आणि ते मी कधी विसरत नाही. ज्या माणसानं मोहिमेत देवळं जळताना पाहिली, त्याच माणसानं मरणाच्या दारात बंदूक खाली करायला लावली. त्या एका क्षणी तो सखल मैदानावर उभा होता. पण तोपर्यंत उशीर झाला होता.

पाचही पाद्री मारले जातात, गोन्सालो मारला जातो, बरोबरचे चौदा इथलेच ख्रिस्ती मारले जातात. देह विहिरीत टाकले जातात. ते बाहेर काढून सन्मानानं पुरण्याच्या कामात पुढे असतो तो इंग्रज, स्टीफन्स. विहिरीच्या काठावर त्याच्या बाजूला उभे राहा. वर ओढलेल्या चेहऱ्यांपैकी प्रत्येकाबरोबर तो जेवला आहे.

यानंतर जे झालं तेही पाहा, कारण चर्चच्या भिंतींवरच्या चित्रांत ते नाही. कुंकळ्ळीच्या गांवकरांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं गेलं. सोळा जण गेले. दार बंद झालं. पंधरा जण तिथेच कापले गेले. एक जण संडासाच्या वाटेनं नदीत उडी टाकून निसटला, असं गाव अजून सांगतं. पोप तेरावे लिओ यांनी १८९३मध्ये पाच जेझुइटांना धन्यवादित घोषित केलं. गांवकरांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहिलं २००३मध्ये. दरम्यान गावची देवी फातर्प्याला गेली ती गेलीच, पण दर शिमग्याला ती छत्र्यांच्या मिरवणुकीनं कुंकळ्ळीला येते. बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या. त्या वांगडांतली काही घरं आज ख्रिस्ती आहेत, आणि त्यांचाही मान आहे.

आता राचोल, १६१६.

इथे जरा रेंगाळा, मी तुम्हाला खरं तर इथेच आणायला निघालो होतो. टेकडीवर जेझुइटांचं नवं कॉलेज, खाली जुवारी, नदीकाठी खाजनांत भात. एका खोलीत छापखाना. गोव्यात पहिला छापखाना आला १५५६मध्ये. आता एक इथे आहे. शाईचा आणि जळक्या तेलाचा वास. खिळे जुळवणारा माणूस खाली मान घालून एकेक अक्षर उचलतो आहे. अक्षरं रोमन आहेत. तुम्ही वाकून बघता आणि काही कळत नाही: ‘श’साठी एक्स, ‘ट’साठी दोन टी. मग तुम्ही पुटपुटत वाचू लागता, आणि अंगावर काटा येतो. ही मराठी आहे. ओवी आहे. साडेतीन चरणांची, तुमच्या आजीच्या जात्यावरची, आळंदीच्या वाटेवरची ओवी, एका इंग्रजानं रचलेली, पोर्तुगीज खिळ्यांत अडकवलेली.

स्टीफन्स आता सदुसष्टच्या आसपास आहेत. गेल्या सदतीस वर्षांतला बहुतेक काळ ते साष्टीत राहिले. त्यांना हे पुस्तक इथल्याच लिपीत छापायचं होतं, खिळे पाडून घेण्यासाठी त्यांनी वर लिहूनही पाहिलं, जमलं नाही. ‘क्रिस्तपुराण’ त्याचं नाव. दहा हजार नऊशेहून जास्त ओव्या. पहिल्या पुराणात जगाची उत्पत्ती आणि ख्रिस्ताआधीची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. तुमच्या समोर वाळत घातलेल्या या कागदांतला एकही पुढे सापडणार नाही. १६१६ची, १६४९ची, १६५४ची, तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत आज कुठे माहीत नाही. हातानं उतरवलेल्या पोथ्या वाचल्या. त्यांवरून १९०७मध्ये मंगळुरात ते पुन्हा छापलं गेलं. देवनागरी अक्षरांतली एक पोथी लंडनमध्ये निघाली. आणि १९५६मध्ये पुण्यात ते देवनागरीत आलं, तेव्हा कुठे सर्वसाधारण मराठी वाचकाला हाताशी लागलं.

रविवारी दुपारी इगर्जीत चला. खाली चटया, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. तुम्ही मागच्या भिंतीला टेकता. शेजारी एक म्हातारा आहे. नवं पोर्तुगीज नाव त्याला अजून सैल होतं, अंगरख्यासारखं. वाचणारा चाल धरतो. पुराणाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग येतो, आणि तो ऐकताना म्हातारा मान वर करतो. नव्यानं ख्रिस्ती झालेले लोक पाद्री-गुरूला विचारतात: आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग वेळ काढायला, मन रमवायला आम्हाला दुसरं पुराण का देत नाही?

हा प्रश्न ख्रिस्ती कवीनं स्वतःच्या ग्रंथात ठेवला. त्याला तो टाळता आला असता. ज्यांच्या पोथ्या काढून घेतल्या, त्यांच्या तोंडून पोथ्या काढून घेतल्याचं तो बोलवून घेतो आणि मग अकरा हजार ओव्यांनी त्यांना उत्तर देतो. रिकाम्या केलेल्या घरात त्यानं हे पुराण नेऊन ठेवलं, हे विसरून मला त्याची स्तुती करता येत नाही. पण ते रिकामपण त्याला दिसलं, आणि भरावंसं वाटलं, हेही मला विसरता येत नाही. भरण्यासाठी तो लॅटिनकडे गेला नाही. इथल्याच भाषेची त्यानं जी वाखाणणी केली ती ज्ञानेश्वरांनंतर इतक्या प्रेमानं फार थोड्यांनी केली असेल. त्याचा स्वर्ग वैकुंठ आहे. त्याचा ख्रिस्त मराठी कथेकऱ्याच्या तोंडी शोभेल अशा लयीत चालतो.

वाचणारा आता स्वर्गातल्या मोठ्या युद्धाशी येतो. देवदूत बंड करतात, पडतात, नरकात कोसळतात. या पडलेल्या फौजेला नाव पाहिजे. एक शब्द येतो, आणि शेजारचा म्हातारा दचकतो.

देवचार.

तुम्हाला कदाचित हा शब्द माहीत नसेल. कोकणात, गोव्यात, गावाची वेस राखणारा जो असतो तो देवचार. रात्री हातात चूड, खांद्यावर घोंगडी, दुसऱ्या हातात काठी घेऊन शिवेवरून फिरतो. वाट चुकलेल्याला घराशी आणून सोडतो. काठीचा आवाज ऐकू येतो, माणूस दिसत नाही. त्याला वर्षातून एकदा रोट द्यायचा, सोरो, म्हणजे दारू, शिंपडायचा, आणि लेकराबाळांची राखण कर म्हणून सांगायचं. म्हाताऱ्याच्या बापानं लहानपणी त्याला सांगितलं होतं: रात्री भ्यालास तर देवचाराला हाक मार. आज त्याच शब्दाला शिंगं फुटली आहेत. राखणदार सैतान झाला आहे.

बाकी सगळं मी समजू शकतो: कप्तान, आगी, किल्ल्याचं बंद दार. सत्ता तशीच वागते. पण या एका शब्दापाशी मला दुखतं, कारण हे काम शिपायाचं नाही, भाषेवर प्रेम करणाऱ्याचं आहे. काळोखात जो चूड धरून चालत होता, त्यालाच काळोख म्हटलं गेलं. आणि तरी, ओवी ऐकताना म्हाताऱ्याचे ओठ हलत आहेत. दुसऱ्या चरणापासून त्यानं चाल धरली आहे. मरियेच्या दुःखाशी वाचणारा येईल तेव्हा बायकांच्या बाजूनं हुंदके ऐकू येतील, ते धाकानं आलेले नसतील. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी, एकाच छपराखाली घडत आहेत, आणि तुम्हाला त्या वेगळ्या करता येणार नाहीत. मलाही आलेल्या नाहीत.

१६१९मध्ये स्टीफन्स वारले. १६२९मध्ये त्यांच्याच संघातल्या एत्येन द ला क्रुआ यांनी संत पीटरवर असंच ओवीबद्ध पुराण छापलं. त्याच्या नावातच इथल्या धर्माच्या चुकांचं खंडन करतो असं जाहीर केलेलं आहे. आवाज चढला होता. मग १६८४मध्ये व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावं आणि आपली भाषा सोडावी. देव गेला, पोथी गेली, आता जीभ. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं न्यायासन, १५६० पासून बसलेलं होतंच. ते कायमचं उठायला १८१२ उजाडलं.

शेवटची एक रात्र. १७३७, साष्टीतलं एक ख्रिस्ती घर. करेज्म चालू आहे, मोठ्या उपासाचे दिवस. काजूच्या बोंडांचा आंबूस वास अंगणात भरून आहे. गेल्या एप्रिलमध्ये इन्क्विझिशननं जाहीर केलं की ख्रिस्ती घरात मीठ न घालता भात शिजवायचा नाही, अंगणात तुळस लावायची नाही, बायकांनी चोळी आणि पुरुषांनी धोतर घालायचं नाही. बंदी घालावी लागते याचा अर्थ हे सगळं चालू आहे. तुम्ही शेजारचे, म्हणून तुम्हाला दार उघडलं. नाहीतर या दिवसांत रात्रीचं दार कुणी उघडत नाही.

आतल्या खोलीत आजी बसली आहे. इथे तिला शामाय म्हणतात. तिला वाचता येत नाही. तिच्या आजीनं तिला पाठ करून दिलेलं पुराण ती दर करेज्माला म्हणते, बंद दाराआड, बंदी असलेल्या भाषेत. नातवंडं तिच्या मांडीला चिकटलेली. पणतीत खोबरेल. दुःखभोगाची कथा चालू आहे; बागेत रात्र झाली आहे, शिष्य झोपले आहेत, आणि तो एकटा जागा आहे.

बाहेर, दूर बांधावर, काठी आपटल्याचा आवाज येतो. एक. मग थोड्या वेळानं पुन्हा एक.

“शामाय, देवचार,” धाकटा कुजबुजतो. इगर्जीत शिकलेला अर्थ त्याच्या डोळ्यांत आहे. त्याचा हात कपाळाकडे जातो, क्रूसाची खूण करायला.

शामाय थांबते. कान देते. तुमच्याकडे एकदा बघते, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना, हे जोखायला. मग हात लांब करून पणती उंबऱ्यापाशी सरकवते आणि दाराची एक फळी बोटभर उघडते. उजेडाची बारीक रेघ अंगणात पडते, खळ्यापर्यंत जाते.

“त्याला वाट दिसू दे,” ती म्हणते, आणि जिथे ओवी सोडली होती तिथून उचलते.